रजिस्टर पत्राची पोच आता कोणाच्या हाती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टपाल खात्याने २०२५ मध्ये नोंदणी टपाल, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसते ‘रजिस्टर’ म्हणतो ती सेवा, स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू केले. त्या वेळी जे लिहिले आणि बोलले गेले ते बहुतेक हळहळीचे होते. रस्त्यावरच्या लाल टपालपेट्याही आता जाणार अशी एक अफवा त्याच सुमारास फिरली आणि ती खोटी ठरली. मला हळहळ व्यक्त करायची नाही. एकाच कामासाठी दोन समांतर यंत्रणा चालवू नयेत हे प्रशासनाचे म्हणणे मला पटते. माझी तक्रार वेगळी आहे. पत्र वेगाने पोहोचवणे हे एक काम आणि ते कोणाच्या हाती दिले याची जबाबदारी घेणे हे दुसरे. या विलीनीकरणात पहिल्या कामाने दुसरे गिळले, आणि त्याचा भुर्दंड ज्यांना कायद्याने पोच ठेवावीच लागते अशा सामान्य लोकांवर पडतो आहे.

मी मध्य मुंबईतील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय गेली काही वर्षे चालू आहे आणि त्यासाठी बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस प्रत्येक सभासदाला मिळणे अत्यंत महत्त्वाचे असते. इमारतीत राहणाऱ्यांना आम्ही ती हातोहात देऊन वहीवर सही घेतो. परंतु आमचे १८ सभासद बाहेरगावी राहतात. कोणी निवृत्तीनंतर गावी गेले, कोणी मुलांकडे पुण्याला किंवा नागपूरला. त्यांना पूर्वी रजिस्टर एडीने, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टरने, नोटीस जात असे. या वेळी माझे एक सहकारी १८ पाकिटे घेऊन टपाल कार्यालयात गेले, नेहमीप्रमाणे ‘रजिस्टर एडी’ म्हणाले, आणि खिडकीमागच्या कर्मचाऱ्याने शांतपणे सांगितले, ‘आता रजिस्टर नाही, सगळे स्पीड पोस्टच.’ पाकिटे स्पीड पोस्टने गेली. स्पीड पोस्टच्या पाकिटावर वेगळे शुल्क भरून ‘नोंदणी’ घेता येते, ती घेतली तरच पाकीट पत्त्यावरील व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाला दिले जाते आणि एरवी ते त्या पत्त्यावर जो भेटेल त्याच्या हाती दिले तरी चालते, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि आम्हालाही ठाऊक नव्हते.

पुढे जे व्हायचे ते झाले. सभा झाली, ठराव झाला आणि एका सभासदाने आपल्याला नोटीस मिळालीच नाही असे लेखी कळवले. ट्रॅकिंगवर त्यांच्या क्रमांकापुढे ‘वितरित’ असा शब्द होता, तारीख होती, वेळही होती. चौकशी केल्यावर समजले की पाकीट त्यांच्या इमारतीच्या वॉचमनकडे दिले गेले होते, वॉचमन मधल्या काळात बदलला होता आणि नव्याला त्या पाकिटाची काही कल्पना नव्हती. त्या सभासदांचे मी खोटे मानत नाही. टपालवाल्यानेही नियम मोडला असे मला वाटत नाही. तरीही आमचा ठराव अडकला, सभा पुन्हा घ्यावी लागत आहे आणि ‘वितरित’ या शब्दाचा अर्थ कोणी सांगायला तयार नाही. तीन महिन्यांनी आम्ही तोच क्रमांक पुन्हा टाकून पाहिला, तेव्हा नोंदच उघडली नाही.

येथे पैशांचाही हिशेब मांडतो, कारण तो कोणी मांडलेला मला दिसला नाही. पूर्वी २० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला ५ रुपये टपाल आणि १७ रुपये नोंदणी असे २२ रुपये होत आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ते २५ रुपये ९६ पैसे होत. पोचपावतीचे काही रुपये वेगळे. नव्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला शहरातल्या शहरात १९ रुपये आणि शहराबाहेर, मग ते ठाण्यापलीकडचे एखादे गाव असो की आसाम, ४७ रुपये पडतात. त्यावर नोंदणीचे ५ रुपये आणि कर धरला तर स्थानिक पत्र २८ रुपये ३२ पैशांना आणि बाहेरगावचे ६१ रुपये ३६ पैशांना पडते. पोचपावतीचे पैसे सोडून आमच्या १८ पाकिटांना पूर्वी पाचशेच्या आत खर्च येत असे, तो आता अकराशेच्या वर जातो. गावचा तलाठी, कर्ज थकलेला शेतकरी, धनादेश न वटल्याची नोटीस पाठवणारा छोटा दुकानदार, घटस्फोटाच्या दाव्यातील पोटगी मागणारी बाई, या सर्वांना रजिस्टर लागत असे ते वेगासाठी नव्हे. चार दिवस उशिरा गेले तरी चालेल, पण पोच हवी, ही त्यांची गरज. आता वेग विकत घेतल्याशिवाय पोच मिळत नाही.

भारतीय कायद्यात या पोचेला काय किंमत आहे हे खात्याच्या वरिष्ठांना माहीत नसेल असे नाही. १८९७ च्या सामान्य वाक्खंड कायद्याचे (जनरल क्लॉजेस ॲक्टचे) कलम २७ असे सांगते की पत्ता बरोबर लिहून, टपालखर्च भरून, नोंदणी टपालाने पाठवलेला कागद पोहोचला असे, उलट सिद्ध न झाल्यास, मानले जाईल. देशभरातल्या न्यायालयांतली हजारो प्रकरणे या एका वाक्यावर उभी आहेत. विलीनीकरणाच्या वेळी खात्याने सर्व मंत्रालयांना आणि संस्थांना कळवले की आपापल्या नियमांतील ‘नोंदणी टपाल’ या शब्दांच्या जागी ‘स्पीड पोस्ट’ असे करावे. शब्द बदलणे सोपे आहे. आमच्यासारख्या अनेक संस्थांच्या जुन्या उपविधींत अजून ‘टपालात टाकल्याचा दाखला’ घेऊन नोटीस पाठवण्याची सोय लिहिलेली आढळते; ती दाखल्याची सेवा २०११ मध्येच बंद झाली आणि कागदावर मात्र ती अजून जिवंत आहे. उपविधी दुरुस्त करायला संस्थांना काय यातायात पडते ते निबंधक कार्यालयात एकदा फेरी मारलेल्या कोणालाही विचारावे.

माझे वडील तार खात्यात होते, त्यामुळे पोचेचे हे वेड माझ्यात घरातूनच आले असावे. तारेच्या कागदावर मजकुराच्या आधी एक ओळ असे: तार कुठून निघाली, किती शब्द आहेत, किती वाजता दिली. चाळीत तार आली की आधी बायका रडायला लागायच्या आणि मग कोणीतरी कागद उघडायचा. त्यात अनेकदा फक्त ‘परीक्षा पास’ असे असे. पण वडील कागद हातात आला की आधी ती वरची ओळ वाचत. मजकूर चुकला तर कोणत्या टप्प्यावर चुकला, उशीर झाला तर कुठे झाला, ते त्या ओळीवरून शोधता येते, असे ते म्हणत. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली, ते योग्यच झाले. मोबाइल आल्यावर तारेचा काही उपयोग उरला नव्हता. पण त्या वरच्या ओळीमागची शिस्त तारेबरोबर जाण्याचे कारण नव्हते.

मनीऑर्डरचेही तेच. १८८० पासून टपाल खात्याने मनीऑर्डरचे काम हाती घेतले आणि पुढे शंभर वर्षे लालबाग-परळच्या गिरणी कामगारांचा पगार कोकणात आणि घाटावर याच मार्गाने गेला. रक्कम मिळाल्यावर गावाकडून पोचपावती परत येई आणि तिच्यावर आईचा किंवा बायकोचा अंगठा असे. अंगठ्याच्या त्या निळ्या ठशापलीकडे पावतीवर काही नसे, तरी ती पाकिटात जपून ठेवणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. पैसे पोहोचले एवढेच त्यातून कळत नसे. ज्याच्या हातात पोहोचायला हवे होते त्याच्याच हातात पोहोचले हे कळत असे. आज पैसे मोबाइलवरून क्षणात जातात आणि तेही चांगले झाले. पण टपालाच्या कागदाला तशी क्षणात जाणारी पर्यायी वाट नाही, म्हणून त्याची पोच अजून कागदावरच लागते.

आता कायद्याकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात एक कलम होते, ५१ क्रमांकाचे. टपाल पोहोचवणाऱ्या कर्मचाऱ्याने आपल्या नोंदवहीत, न गेलेल्या ठिकाणी गेलो किंवा न दिलेले पत्र दिले असे भासवण्यासाठी खोटी नोंद केली, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात होती. टपाल चोरणे, दडवणे किंवा फेकून देणे यासाठी पुढच्या कलमात सात वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या शिक्षांची कलमे रद्द केली आणि त्याच वर्षी संसदेने मंजूर केलेल्या, १८ जून २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या टपाल कायद्यातही ती नाहीत. कोणी म्हणेल की चोरी आणि अफरातफर यांसाठी सर्वसाधारण फौजदारी कायदा आहेच. आहे, हे मान्य. शंभर रुपये दंडाच्या धाकाने कोणी सुधारला असेल असेही मी म्हणत नाही आणि पोस्टमनला तुरुंगात पाठवावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण ‘न दिलेले पत्र दिले असे लिहिणे’ हा टपालसेवेतील एक स्वतंत्र आणि गंभीर दोष आहे ही ओळख निदान जुन्या कायद्याला होती. नव्या कायद्यात नियमांनी ठरवून दिलेली सोडून खात्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही आणि कर्मचाऱ्यावर ती फक्त त्याने कपटाने किंवा जाणूनबुजून काही केले असेल तरच येते. स्पीड पोस्टला उशीर झाला तर आजवर भरपाई म्हणून काय मिळत आले आहे? पाकिटावर लावलेला टपालखर्च परत. एखाद्याच्या अपिलाची मुदत त्या उशिरात बुडाली असेल तर त्याने तेवढी रक्कम घेऊन समाधान मानायचे.

याला प्रशासनाचा इतिहासही कारणीभूत आहे असे मला वाटते. १९१४ मध्ये टपाल आणि तार ही खाती एका महासंचालकाखाली आली आणि १९८५ च्या आरंभी ती पुन्हा वेगळी झाली. एकत्र असताना टेलिफोनच्या कमाईतून टपालाचा तोटा भरून निघत असे. वेगळे झाल्यावर दूरसंचाराचे पुढे काय झाले ते मुंबईकराला सांगायला नको, १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोनची गत आपण पाहतोच आहोत. इकडे टपाल खात्याच्या माथी कायमचा तोटा आला. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डामागे खात्याला बारा रुपयांहून अधिक खर्च येतो, असे खात्याच्याच अहवालात काही वर्षांपूर्वी आले होते. ज्या खात्यावर असा बोजा आहे त्याने मिळेल त्या सेवेतून चार पैसे उभे करायचे म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. फक्त, कुरिअर कंपन्यांशी ज्या गोष्टीत स्पर्धा आहे ती वेग, आणि ज्या गोष्टीत कुरिअर कंपनी खात्याच्या जवळपासही येऊ शकत नाही ती कायद्याने मान्य केलेली पोच. दुसरी आपल्या हातातली गोष्ट स्वस्तात सोडून पहिलीच्या मागे धावणे हे व्यवसायाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे काय?

मुंबईत पोच देणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे हे मला मान्य करायला हवे, आणि त्यात आम्हा रहिवाशांचाही वाटा आहे. चाळीत टपालवाला खालून नाव पुकारत असे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचे पत्र शेजारच्या पोराच्या हाती वर जात असे. कोण कोणाकडे राहते, कोण गावी गेले, कोणाचे लग्न झाले, हे त्याला तोंडपाठ होते. आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्याच्या फाटकावर त्याला अडवले जाते, नाव लिहून घेतले जाते आणि बऱ्याचदा आत सोडलेच जात नाही. आमच्या संस्थेनेही दोन वर्षांपूर्वी ‘कुरिअर व टपाल वॉचमनकडे द्यावे’ अशी पाटी लावली होती. ती मीच लिहिली होती आणि गेल्या महिन्यात मीच काढली.

खात्याने पत्त्याच्या बाबतीत मात्र नवे प्रयोग केले आहेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी होते. जुन्या ‘मुंबई ४’चे ४००००४ झाले आणि ते इतके रुजले की आज घरातल्या पोरालाही आपला पिन पाठ असतो. मे २०२५ मध्ये डिजिपिन आले. देशाची जमीन सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत वाटून प्रत्येक चौकटीला दहा अक्षरांचा क्रमांक, अशी ही योजना आहे. दुर्गम पाड्यावर किंवा नाव नसलेल्या वस्तीत तिचा उपयोग होईल यात शंका नाही. पण चौकट जमिनीवरची आहे, आणि मुंबईत एका चौकटीवर चाळीस मजले उभे असतात. तेथे चाळिसाव्या मजल्यावरच्या माणसाचे आणि तळमजल्यावरच्या वॉचमनचे डिजिपिन एकच निघणार. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, पत्ता सापडला, पण दिले कोणाला?

थोडे विषयांतर होईल, परंतु ज्या रीतीने दर ठरवले जातात त्याचा आणखी एक नमुना सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सवलतीची सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये. मराठी प्रकाशकांनी तिचे स्वागत करायला हरकत नाही. मात्र ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने आणि जाहिराती असलेले साहित्य या सवलतीतून वगळले आहे. जुन्या कायद्यात वृत्तपत्र म्हणून सवलत मिळण्यासाठी अंक जास्तीत जास्त ३१ दिवसांच्या अंतराने निघावा लागे. म्हणजे आपला दिवाळी अंक, जो वर्षातून एकदा निघतो आणि जाहिरातींवाचून निघूच शकत नाही, तो पुस्तकही नाही आणि वृत्तपत्रही नाही. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नसणे समजू शकते. पण महाराष्ट्र परिमंडळाचे मुख्यालय आपल्या मुंबईत आहे, बोरीबंदरशेजारी गोलघुमटाच्या घडणीवर बांधलेल्या त्या भव्य इमारतीच्या आवारात, आणि तेथून कोणी दिल्लीला एक टिपण पाठवायला हरकत नव्हती.

आता मागणी. खात्याने रजिस्टर पुन्हा वेगळे सुरू करावे असा माझा आग्रह नाही. पण ज्या पत्रावर पाठवणाऱ्याने ‘नोटीस’ असे लिहिले असेल त्यासाठी नोंदणी आणि पोचपावती मिळून एकच दर असावा, तो वेगाचा आग्रह न धरता ठरवावा आणि तो जुन्या रजिस्टरच्या जवळपास असावा. प्रत्येक टपाल कार्यालयाच्या खिडकीवर मराठीत ठळक पाटी असावी की साध्या स्पीड पोस्टचे पाकीट पत्त्यावर कोणाच्याही हाती दिले जाऊ शकते आणि व्यक्तीच्याच हाती द्यायचे असेल तर नोंदणी मागावी. ट्रॅकिंगवर ‘वितरित’ एवढाच शब्द न लिहिता, पाकीट घेणाऱ्याचे नाव आणि पत्त्यावरील व्यक्तीशी त्याचे नाते लिहिले जावे. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर नवी संगणक प्रणाली आली आहे, तिच्यात दोन रकाने वाढवणे अशक्य नसावे. ही नोंद निदान तीन वर्षे पाहता यावी, कारण दिवाणी दावे तीन महिन्यांत संपत नाहीत. मोबाइलवर आलेला ओटीपी दाखवल्यावर पाकीट देण्याची सोयही आता पाच रुपयांत आहे. ती शहरात उपयोगी पडेल, पण कोकणातल्या ज्या गावांत मोबाइलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते तेथे म्हाताऱ्या माणसांनी ओटीपी कुठून आणायचा? तेथे सही किंवा अंगठाच ग्राह्य धरला पाहिजे.

टपाल खात्याच्या डाक अदालती होतात, त्यांत तक्रार मांडता येते. आमची तक्रार मी तेथेही नेणार आहे आणि जे उत्तर मिळेल ते आपल्या वाचकांना कळवीन.

तोवर आमची सभा येत्या महिन्यात पुन्हा होत आहे आणि १८ पाकिटे पुन्हा जातील. त्या सहकाऱ्यांना खिडकीवर काय काय मागायचे ते मी एका कागदावर लिहून दिले आहे. शिवाय बाहेरगावच्या प्रत्येक सभासदाला फोन करून सांगितले आहे की पोस्टमन आला तर त्याला खाली थांबवू नका, वर बोलवा आणि सही स्वतः करा.

आपला नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव,
मुंबई